सरकलेला मणका आणि वीस सिटिंगांचे पॅकेज

वाचकाचे पत्र

मी ठाण्यात नौपाड्यात राहते. वय ६१. महापालिकेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. कमरेचा चौथा मणका पाचव्यावर पुढे सरकून नस दाबली गेली होती, म्हणून अडीच वर्षांपूर्वी ऑपरेशन करून चार स्क्रू आणि दोन रॉड बसवले. त्याआधी दहा मिनिटे चालले की दोन्ही पाय जड होत आणि कुठेतरी टेकावे लागे. तो त्रास गेला. पाठ मात्र दुखतेच, आणि गेल्या वर्षभरात कमरेच्या पट्ट्याच्या खाली, उजव्या बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल असे वेगळेच दुखणे सुरू झाले आहे. कूस बदलताना, खुर्चीतून उठताना, रिक्षात चढताना तिथे कळ येते. सर्जन एक्स-रे पाहून ‘सगळे उत्तम आहे’ म्हणतात. रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि बहुतेक दिवशी दुखण्याची एक गोळी घ्यावी लागते. खारघरला राहणारी मुलगी मला तिथल्या एका कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हाताने झटके देऊन मणके ‘बसवणाऱ्या’ उपचारकाकडे, घेऊन गेली. त्यांनी पाठीवरून हात फिरवून ‘मणका अजून सरकलेला आहे, बसवून देतो’ असे सांगितले आणि वीस सिटिंगांचे ३६ हजार रुपयांचे पॅकेज सुचवले. मुलीने पाच हजार ॲडव्हान्स भरले आहेत. जावे का? स्क्रू हलतील का? ऑपरेशन फसले असे समजायचे का? आणि एक छोटा प्रश्न: यंदा गौरी माझ्याकडे आहेत, जमिनीवर बसून पूजा करता येईल का?

उत्तर

नमस्कार बाई,

ॲडव्हान्स भरलेला असल्यामुळे पुढची तारीखही ठरली असणार, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. सध्या जाऊ नका. झटका देऊन मणका ‘बसवण्याचा’ उपचार तुमच्या कमरेवर कोणीही करू नये, मग तो माणूस कितीही अनुभवी आणि नावाजलेला असो. कायरोप्रॅक्टिक म्हणजे सारे थोतांड आहे असे मात्र मला म्हणायचे नाही. मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे, आणि आमच्या व त्यांच्या दारात बऱ्याचदा एकच रुग्ण आलटून पालटून येतो. तेव्हा माझ्या मतातला तेवढा तिरकेपणा वजा करून पुढचे वाचावे.

तुमच्या पत्रात ‘सरकणे’ हा शब्द दोनदा आला आहे आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ वेगळा आहे. माझ्या मते सगळा घोळ इथेच झाला आहे. ऑपरेशनपूर्वी तुमचा चौथा मणका सरकला होता तो खरोखरच, एक्स-रेवर पट्टी ठेवून मोजता येईल असा. या विकाराला स्पाँडिलोलिस्थेसिस म्हणतात. सांधे झिजल्यामुळे होणारा त्याचा प्रकार पन्नाशीनंतर, पुरुषांपेक्षा बायकांमध्ये अधिक आणि बहुतेक वेळा नेमका चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या जागीच आढळतो. वरचा मणका पुढे आला की नसांची वाट अरुंद होते, चालताना पाय भरून येतात आणि वाकून कुठेतरी टेकले की हायसे वाटते. तुम्ही लिहिलेली लक्षणे अगदी हीच आहेत. सर्जननी ती वाट मोकळी केली, दोन्ही मणके स्क्रू आणि रॉडने जखडले आणि पुढच्या काही महिन्यांत त्यांचे मिळून एकच हाड व्हावे अशी व्यवस्था केली.

कायरोप्रॅक्टरच्या तोंडी असलेले ‘सरकणे’ वेगळ्या घराण्यातून आले आहे. १८९५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डेव्हनपोर्ट या गावी डी. डी. पामर यांनी ही पद्धत सुरू केली. त्याआधी ते चुंबकीय उपचार करीत असत. मणके किंचित जागा सोडतात, त्यामुळे नसांच्या कामात अडथळा येतो आणि त्यातून बहुतेक रोग उद्भवतात, अशी त्यांची कल्पना होती. या कल्पित सरकण्याला त्या पद्धतीत सबलक्सेशन म्हणतात. ते खात्रीने दाखवता येईल अशी तपासणी आजही नाही, आणि त्या व्यवसायातले अनेक जण आता ही कल्पना मूळ अर्थाने मानतही नाहीत. शब्द मात्र दवाखान्यांत टिकून राहिला, कारण तो रुग्णाला चटकन पटतो. ज्या बाईचा मणका एकदा खरोखर सरकला होता, तिला तर तो हमखास पटणार.

आता तुमच्या कमरेचा विचार करू. चार स्क्रूंनी जखडलेल्या त्या दोन मणक्यांत हाताने बसवण्याजोगे काही उरलेलेच नाही. हाड नीट जुळले असेल तर ते हाताने हलणार नाही. आणि हाताने हलत असेल तर ते जुळलेलेच नाही असा त्याचा अर्थ होतो, म्हणजे मग प्रकरण तातडीने सर्जनकडे न्यायला हवे. अशा उपचारांच्या व्हिडिओंत ऐकू येणारा तो ‘कडकन’ आवाजही मणका जागेवर बसल्याचा पुरावा नव्हे. सांध्याच्या पृष्ठभागांत एकदम अंतर पडले की आतल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज असतो. आजीने दृष्ट काढताना कानशिलावर मोडलेल्या बोटांचा आवाजही त्याच जातीचा. तो ऐकून बरे वाटते हे खरे आहे, आणि थोडा वेळ स्नायू सैल पडतात हेही खरे आहे. पूर्वी उसण भरली की पायाळू माणसाची लाथ पाठीवर घेत असत, आणि तेव्हाही काही जणांना बरे वाटतच असे. पण त्या पाठींत टायटॅनियमचे स्क्रू नव्हते.

हे एकट्या माझ्यासारख्या फिजिओथेरपिस्टचे मत आहे असे तुमच्या मुलीला वाटू नये, म्हणून एक संदर्भ देतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये कायरोप्रॅक्टिकचे शिक्षण आणि सुरक्षितता यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. मणक्याला झटका देण्याचा उपचार कोणत्या अवस्थांत मुळीच करू नये याची त्यात यादी आहे, आणि कण्यात बसवलेले स्क्रू-रॉड यांसारखे आधार त्या यादीत स्पष्टपणे येतात. अशा रुग्णाच्या हाडांवर जोर देऊ नये, मात्र स्नायूंवर हाताने सौम्य उपचार करता येतात, आणि ही मनाई मुख्यतः त्या जागेपुरती व तिच्या लगतच्या भागापुरती असू शकते, असा खुलासाही तिथे आहे. हा दस्तऐवज कायरोप्रॅक्टिकच्या विरोधकांनी लिहिलेला नाही. त्याच कागदात पूर्ण शिक्षणासाठी चार वर्षांत किमान ४,२०० तासांचे अध्यापन आणि त्यांपैकी किमान १,००० तास देखरेखीखाली रुग्णसेवा अपेक्षित धरली आहे. आपल्याकडे पाटीवर ‘कायरोप्रॅक्टर’ लिहिणाऱ्यांमध्ये असे पूर्ण शिक्षण घेतलेले लोक मोजके आहेत. बरेचसे मूळचे फिजिओथेरपिस्ट असतात आणि छोटे अभ्यासक्रम करून हे तंत्र शिकलेले असतात. फिजिओथेरपिस्टची महाराष्ट्रात परिषदेकडे नोंदणी होते आणि तो नोंदणी क्रमांक तुम्हाला मागता येतो. कायरोप्रॅक्टर म्हणून नोंदणी करणारी अशी वैधानिक परिषद भारतात नाही. तेव्हा खारघरच्या त्या गृहस्थांना त्यांची मूळ पदवी कोणती, हे सरळ विचारण्यात काहीही वावगे नाही. तुम्ही आयुष्यभर मुलांना उलट प्रश्न विचारायला शिकवले असेलच.

स्क्रूंबद्दल सांगायचे तर, हाड नीट जुळले असेल तर चालण्याने, जिने चढण्याने, लोकलच्या प्रवासाने किंवा व्यायामाने ते हलत नाहीत, तेव्हा ही भीती मनातून काढून टाका. झटक्याचा धोका मला खुद्द स्क्रूंपेक्षा त्यांच्या शेजाऱ्यांना अधिक वाटतो. दोन मणके जखडले की त्यांच्या वाट्याची हालचाल वरच्या व खालच्या सांध्यांना करावी लागते आणि ते आधीच जादा काम करत असतात. बाहेरून दिलेला जोरही तिथेच जाऊन पोहोचतो. शिवाय पाळी गेल्यानंतर हाडांची घनता घटते, आणि तुम्ही ६१ वर्षांच्या आहात. ही घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर हा आकडा उणे २.५ किंवा त्याहून खाली आला तर त्याला ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे ठिसूळ होणे, म्हणतात, आणि तशा हाडांवर जोराचा झटका दिला तर मणका चेपण्याची भीती असते. तुमची डेक्सा तपासणी झाली आहे का, हे त्या दवाखान्यात कोणी विचारल्याचे पत्रात दिसत नाही. सीटी स्कॅनही कोणी मागितलेला नाही. माझा मुख्य आक्षेप हा आहे: नुसता हात फिरवून निदान झाले आणि त्याच बैठकीत वीस सिटिंगांचा आकडाही ठरला.

सर्जनवरही माझा आक्षेप आहे, थोडा सौम्य. एक्स-रेमध्ये स्क्रू कुठे आहेत ते दिसते, दुखते कुठे ते दिसत नाही. ‘सगळे उत्तम आहे’ हे त्यांचे वाक्य धातूपुरते खरे असेल, पण तुमचा प्रश्न धातूविषयी नव्हताच. एका बाजूला ‘काहीच बिघडलेले नाही’ आणि दुसऱ्या बाजूला ‘मणका सरकला आहे’ ही दोन उत्तरे मिळाली, आणि आज नेमके कोणते अंग दुखते आहे याचा शोध मात्र दोघांपैकी कोणीच घेतला नाही. तो लागेपर्यंत पाठीवर कोणाचाही हात, माझ्या व्यवसायातल्या माणसाचाही, जोराने पडू नये.

तो शोध घेण्याजोगे बरेच काही तुमच्या पत्रातच आहे. पट्ट्याच्या खाली, एका बाजूला, एका बोटाने दाखवता येणारी जागा. कूस बदलताना, उठताना आणि एका पायावर भार घेऊन रिक्षात चढताना येणारी कळ. हे वर्णन वाचल्यावर मला पहिला संशय येतो तो एसआय जॉइंटचा. कण्याच्या तळाचे त्रिकोणी हाड दोन्ही बाजूंना कटीच्या हाडांना जिथे जोडलेले असते, तो हा सांधा. कमरेचे मणके जखडल्यानंतर त्याच्यावर भार वाढतो आणि काही रुग्णांत काही महिन्यांनी किंवा वर्षांनी तोच दुखू लागतो. पत्र वाचून निदान करता येत नाही, हे मी इथे ठळकपणे लिहितो. पण तपासणारा माणूस टेबलावर पाच-सहा वेगवेगळ्या प्रकारे त्या सांध्यावर दाब देऊन पाहू शकतो. त्यांपैकी तीन किंवा अधिक चाचण्यांत तुमचीच ती ओळखीची कळ उठली तर संशय बळावतो. तरीही शंका उरली तर वेदनाचिकित्सक यंत्रावर पाहत त्या सांध्यात भूल देणारे इंजेक्शन देतात; काही तास दुखणे जवळजवळ थांबले तर दुखण्याचा पत्ता सापडला असे समजायला हरकत नाही.

दुसऱ्या शक्यताही आहेत. हाड अपुरे जुळले असेल किंवा एखादा स्क्रू सैल झाला असेल तर ते सीटी स्कॅनमध्ये साध्या एक्स-रेपेक्षा पुष्कळ स्पष्ट दिसते, आणि अडीच वर्षांनंतरही दुखत असताना तो एकदा करून घेणे मला योग्य वाटते. जखडलेल्या जागेच्या वरचा सांधा झिजला असेल तर एमआरआय लागेल. पायात कळ किंवा मुंग्या येत असत्या तर नसेभोवती व्रणाची गाठ झाली आहे का, हेही पाहावे लागले असते. पायांचा त्रास गेल्याचे तुम्ही लिहिले आहे, त्यामुळे तो विषय इथे वाढवत नाही. अस्थिरोगतज्ज्ञ सोडून दुसऱ्या कोणाचे मत हवे असेल तर पुनर्वसनशास्त्राचे, म्हणजे पीएमआरचे, डॉक्टर पाहावेत. हाजी अलीला १९५५ पासून केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे आणि तिथे नेमके हेच काम चालते. ठाण्याहून जायला लांब पडते खरे, पण एकदोनदाच जावे लागेल.

ऑपरेशन फसले का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. पूर्वी अशा दुखण्याला इंग्रजीत ‘फेल्ड बॅक सर्जरी सिंड्रोम’ म्हणत आणि ते नाव ऐकूनच रुग्णाचा धीर खचत असे. २०२१ मध्ये तज्ज्ञांनी ते बदलून ‘पर्सिस्टंट स्पायनल पेन सिंड्रोम’ असे नाव सुचवले, कारण दुखणे टिकून राहिले म्हणजे शस्त्रक्रिया चुकली असे होत नाही. नसांवरचा दाब काढण्यासाठी केलेल्या ऑपरेशनचा गुण पायांच्या त्रासाला जितका खात्रीने येतो, तितका पाठीच्या दुखण्याला येत नाही, आणि ही गोष्ट ऑपरेशनपूर्वी कोणीतरी तुम्हाला बसवून समजावून सांगायला हवी होती. दहा मिनिटांत जड होणारे पाय आज चालतात. ऑपरेशन ज्यासाठी केले होते, ते काम झालेले आहे.

हाताच्या उपचारांना पुढे कधी जागा आहे का, असे मुलगी विचारील, म्हणून तेही सांगतो. ऑपरेशन न झालेल्या, साध्या जुनाट कंबरदुखीत मणक्यावरच्या हातांच्या उपचाराने थोडा गुण येतो आणि तो व्यायामाने येणाऱ्या गुणाच्या जवळपास असतो, असे अभ्यास सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या शिफारशींतही शिक्षण आणि व्यायाम यांच्या जोडीने या उपचाराला स्थान आहे. पण त्या शिफारशी कंबरदुखीला दुसरे ठरावीक कारण नसलेल्या रुग्णांसाठी आहेत. स्क्रू घातलेल्या पाठीवर त्या तशाच लावता येत नाहीत. ऑपरेशननंतरच्या रुग्णांबद्दल जे लिहिले गेले आहे ते बहुतांशी एकेका रुग्णाच्या हकिकतींचे आहे, आणि त्यांत वापरलेली तंत्रेही बहुधा सौम्य आहेत. तपासण्या झाल्या, सर्जननी लेखी हरकत नाही म्हटले आणि उपचार करणारी व्यक्ती स्नायूंपुरते, झटका न देता काम करायला तयार असली, तर एकेका सिटिंगचे पैसे देऊन चार-पाच वेळा करून पाहायला माझी ना नाही. त्यानंतर चालणे, झोपणे, उठणे यांत फरक पडला नसेल तर तिथेच थांबा. मानेला मात्र हात लावू देऊ नका. दुखते कंबर आणि पॅकेजमध्ये मान फ्री, असा प्रकार हल्ली पाहायला मिळतो. मानेला पिळा देऊन झटका दिल्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. शिवाय साधा हिशेब करा: ठाण्याहून खारघरला पनवेल लोकलने जायला पाऊण तास आणि यायला पाऊण तास, पुढे रिक्षा, आणि हे वीस वेळा. बसून उठताना दुखणाऱ्या सांध्याला हा प्रवासच महाग पडेल.

घरी आजपासून काय करता येईल ते सांगतो. कमरेचा पट्टा दिवसभर घालू नका. एसआय जॉइंटचे निदान झाले तर त्याचा पट्टा वेगळा असतो आणि तो कमरेवर न बांधता खाली, खुब्याच्या हाडांजवळ बांधतात. कूस बदलताना दोन्ही गुडघे जवळ घेऊन, मध्ये उशी धरून, सगळे शरीर एकदम वळवा. रिक्षात चढताना आधी सीटवर टेका आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्या. व्यायामांत तुमच्यासारख्यांना सर्वांत उपयोगी पडतात ते बैठकीचे आणि पोटाचे स्नायू बळकट करणारे: उताणे झोपून गुडघे दुमडायचे आणि कंबर हळू वर उचलायची, किंवा कुशीवर झोपून वरचा गुडघा उघडायचा. सुरुवातीला आठ-दहा वेळाच करा आणि दुसऱ्या दिवशी दुखणे वाढले नाही तरच संख्या वाढवा. पहिले काही दिवस हे व्यायाम कोणाच्या तरी नजरेखाली करा. कचराळी तलावाचा ट्रॅक सपाट आहे आणि नौपाड्याहून फार लांब नाही. एकदम तीन फेऱ्या मारण्यापेक्षा सकाळी एक आणि संध्याकाळी एक मारा. फेरी नंतर वाढवता येईल. बारा आठवडे नेटाने केल्याशिवाय त्याला नावे ठेवू नका.

दुखण्याच्या गोळीबद्दल थोडे कडक बोलतो. रक्तदाबाची गोळी चालू असताना वेदनाशामक गोळी बहुतेक दिवशी घेणे मूत्रपिंडाला, जठराला आणि खुद्द रक्तदाबालाही वाईट ठरू शकते. ती कोणती आहे आणि किती काळ घेत आहात, हे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना या आठवड्यातच सांगा आणि मूत्रपिंडाचे काम कळण्यासाठी रक्तातले क्रिएटिनिन तपासून घ्या.

काही लक्षणे मात्र अशी आहेत की ती दिसल्यावर माझे किंवा कोणाचेही उत्तर येण्याची वाट पाहू नये. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, बैठकीच्या भागात बधिरपणा येणे, पाऊल उचलता न येणे, ताप येऊन पाठ दुखणे, पडल्यानंतर अचानक तीव्र कळ येणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी, अगदी रात्री असले तरी, मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे.

पाच हजारांविषयी मुलीने दवाखान्याला दोन ओळींचा लेखी संदेश पाठवावा: स्क्रू बसवलेले असल्यामुळे हा उपचार करता येत नाही, एकही सिटिंग घेतलेले नाही, तरी रक्कम परत करावी. पावती जपून ठेवा. आणि मुलीवर रागावू नका. आईला कळ येताना पाहून तिने जे हाताशी सापडले ते केले.

राहिल्या गौरी. अडीच वर्षांनंतर जमिनीवर बसणे तुम्हाला निषिद्ध नाही. पण मांडी घालून तासभर बसणे आणि मग एका पायावर जोर देऊन उठणे, हे दोन्ही सध्याच्या दुखऱ्या सांध्याला नकोसे होईल. यंदा गौरी टेबलाच्या उंचीवर मांडा आणि पूजेला उंच स्टुलावर बसा, म्हणजे गुडघे खुब्यांपेक्षा खाली राहतील. आरास मुलीकडून करून घ्या. जमिनीवर बसावेच लागले तर दहा-पंधरा मिनिटेच बसा, जवळ एक भक्कम खुर्ची ठेवा, आणि उठताना आधी दोन्ही गुडघ्यांवर येऊन, खुर्ची धरून, डावा पाय पुढे टाकून उठा.